मोठ्या मिशांच्या ताईंची शिकवणी

आमच्या कृषी सेवा केंद्रात गिऱ्हाईक येतं बियाण्याच्या पिशवीसाठी, पण पैसे देऊन झाले की काउंटरला टेकून उभं राहतं आणि विचारतं, "मंग, तुमच्या त्या चिनी कवायतीचं काय नवीन?" मी एक किस्सा सांगतो. तो सांगता सांगता दुसरा आठवतो, आणि दुसरा संपेपर्यंत मैदानावर तिसरा घडून गेलेला असतो. गोदामात रिकामी खोकी साठतात ना, तसे हे साठलेत. टाकवतही नाहीत आणि ठेवायला जागाही नाही! शेवटी बायको म्हणाली, "एकदाचे लिहून काढा. दुकानात बसून जरा धंद्याचं बोला."

तर लिहितोय. यात माझं कमी आणि वानखडे सरांचं जास्त येईल, त्याला माझा इलाज नाही.

वानखडे सर बुलढाण्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं पीटीचे शिक्षक होते. मिशा भरघोस, आवाज असा की शिट्टी खिशातच राहायची. रिटायर झाल्यावर दोन वर्षं मुलाकडे पुण्याला राहिले. तिथे एका बागेत आपटे मॅडम ताई ची शिकवायच्या. ताई ची म्हणजे चीनची जुनी युद्धकला. युद्धकला असली तरी इतकी सावकाश, की समोरचा शत्रू वाट बघून कंटाळेल आणि घरी जेवायला जाईल. एकूण चोवीस हालचाली, एकीतून दुसरी निघते, आणि त्या सगळ्या साखळीला फॉर्म म्हणतात.

सर तो फॉर्म शिकून बुलढाण्याला परत आले. त्याच सुमारास माझा उजवा खांदा आखडला होता. वरच्या फळीवरची फवारणीची बाटली काढायची म्हणजे गिऱ्हाइकालाच स्टुलावर चढवावं लागायचं. त्यामुळे सरांचा पहिला विद्यार्थी होण्याचा मान मला मिळाला.

* * *

सुरुवात बोर्डापासून झाली. सरांनी पेंटरला कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: "ताई ची शिकवणी. रोज सकाळी सहा वाजता."

दोन दिवसांनी बोर्ड लागला. "ताईंची शिकवणी"!

सर तडक पेंटरकडे. "अरे, हे काय केलंस?"

पेंटर म्हणाला, "सर, तुमच्याकून अनुस्वार राह्यला होता. अन् शब्द बी तोडला होता. म्या दोन्ही दुरुस्त करून देल्लं. त्याचे पैसे नाई घेत!"

पहिल्या दिवशी मैदानावर मी एकटा पुरुष. बाकी बारा-तेरा बायका. दोघींनी ब्लाउजचं कापड आणलेलं, एकीने टेप आणि कात्री, आणि एक आजी नातवाला पाटी-दप्तरासह घेऊन आलेल्या. सगळ्या मैदानभर नजर फिरवून विचारतात, "ताई कुठी हायेत वं?"

सरांनी मिशांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मीच."

बायका हसून हसून खाली बसल्या. पण त्यातल्या आठ जणी टिकल्या, हे सरांचं कौतुक. बोर्ड तसाच राहिला, आणि गावात सरांचं नावच पडलं, "मिशीवाल्या ताई". आता तर भाजीवालाही विचारतो, "ताई, मेथी देऊ काय?" सर निमूटपणे मेथी घेतात.

* * *

बघता बघता तीन ठिकाणी वर्ग झाले. बुलढाण्याला रोजचा, देऊळघाटला मंगळवार-शुक्रवार, आणि जळगाव जामोदला रविवारी. जामोदला सरांची थोरली बहीण राहते. सर शनिवारी संध्याकाळच्या एसटीने जायचे, तिच्याकडे मुक्काम करायचे आणि सकाळी वर्ग घ्यायचे. म्हणजे तिथे खरोखरच ताईच्या अंगणापासून सुरुवात झाली. अंगण पुरेना, तेव्हा वर्ग स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत हलवला.

अशात एक दिवस सरांनी हौसेने पुण्याला आपटे मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बोर्डावर तुमचं नाव खाली बारीक अक्षरात टाकलंय, हेही सांगितलं. मी शेजारीच होतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, आनंद आहे. पण मी महिन्याभराने येते. तिन्ही ठिकाणचा फॉर्म मला एकसारखा दिसायला हवा. दिसला तर तुम्हाला शिकवण्याचं अधिकारपत्र देते. नाही दिसला तर माझं नाव काढा, आणि शिकवणंही थांबवा."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "सर, त्या पुण्यात, आपण इथं. कोण बघायला येतंय? शिकवा बिनधास्त."

सरांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "मेहेत्रे, बत्तीस वर्षं माझा तास कोणी ना कोणी नेला. परीक्षा आली की पीटीचा तास गणिताला. पोर्शन राहिला की पीटीचा तास विज्ञानाला. पाऊस आला की मराठीच्या बाई वर्गात हजर. मुलं मैदानावर येऊन उभी आणि शिपाई चिठ्ठी घेऊन येतोय, असं किती वेळा झालं! एक विषय तरी कागदावर माझा असू दे."

मला वाईट वाटलं. कारण शाळेत मी त्यांचाच विद्यार्थी होतो, आणि पीटीचा तास गणिताला गेला की पहिल्या बाकावरून टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. तेव्हा ठरवलं, हे पत्र सरांना मिळालं पाहिजे.

* * *

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी. ताई ची शिकवताना सर आमच्याकडे पाठ करून पुढे उभे राहायचे, म्हणजे उजवं-डावं उलटं होत नाही. याचा परिणाम असा, की आम्हाला त्यांचं सगळं दिसायचं आणि त्यांना आमचं काहीच दिसायचं नाही! फोननंतर सर पहिल्यांदा मागे वळले. मला पुढे उभं केलं आणि स्वतः वहीपेन घेऊन बघायला बसले.

बुलढाण्याचा वर्ग म्हणजे निम्मे रिटायर्ड सरकारी कर्मचारी. कलेक्टर कचेरी, झेडपी, ट्रेझरी. या लोकांना तोंडी काही पटतच नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरांना सांगितलं होतं, "सर, लेखी द्या." सरांनी चोवीस हालचालींचा कागद काढून झेरॉक्स वाटल्या. तेव्हापासून सगळ्यांच्या उजव्या हातात कागद, आणि ताई ची चाललीय डाव्या हाताने!

सरांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "कागद खिशात ठेवा!"

कागद खिशात गेले. आम्ही परत सुरुवात केली. उजवा हात मात्र सगळ्यांचा छातीशी तसाच, अंगठा आणि बोटं जुळवून, नसलेला कागद धरलेला. ट्रेझरीचे देशमुख साहेब तर तिसऱ्या हालचालीनंतर अंगठ्याला थुंकी लावून पान उलटायचे.

"साहेब, कागद नाहीये हातात!" सर ओरडले.

देशमुख साहेब थांबले. हाताकडे पाहिलं. म्हणाले, "नाही कसा? पाठ झालाय ना!"

* * *

शुक्रवारी देऊळघाट. तिथे भाजीपाला करणारी मंडळी जास्त. वर्ग सहाचा, पण ही माणसं चारला उठून वांगी-मिरची तोडून, माल गाडीत भरून मग येतात. सगळ्यांत पुढे निर्मलाकाकू. वय साठीच्या पुढे, दोन एकरांत भेंडी आणि सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पुण्याच्या वाचकांनी डोसा आणू नये.

काकूंचा फॉर्म सुरेख. अगदी संथ, पाय जमिनीत रोवलेले. सर खूश होऊन वहीत काहीतरी लिहीत होते. तेवढ्यात दहावी हालचाल आली. तिचं नाव "ढगांसारखे हात". दोन्ही हात ढगांसारखे एकापाठोपाठ तरंगत न्यायचे आणि नजर हातावर ठेवायची. ती सुरू झाली आणि अख्ख्या वर्गाने माना वर करून आभाळाकडे पाहिलं! पाहतच राहिले. मागच्या एकाने कपाळावर हात धरून पश्चिमेकडेही पाहून घेतलं.

सर म्हणाले, "काकू, हातांकडे बघायचं."

"हाताइले काय पाह्याचं? हात तर हायेतच की जागेवर."

"अहो, ढग हे नुसतं नाव आहे."

"नाव हाये तं कायले ठेवलं मंग?" काकूंनी विचारलं. "अठी भेंडीवर परवा फवारा मारला म्या, पानी आलं का सारा धुवून जाते. कोनी ढग म्हनलं अन् मी वर नाई पाह्यलं, असं होईन काय, सर?"

मागून कोणीतरी दुजोरा दिला, "पाह्यलेलं बरं. आज काई दिसत नाई."

सरांनी नाव बदलून पाहिलं. "आपण याला 'कापसासारखे हात' म्हणू."

लगेच तिघांनी विचारलं, "भाव काय चालू हाये?"

* * *

रविवारी मी सरांबरोबर जळगाव जामोदला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याचा हा भाग. तिथला वर्ग सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत दणकट. त्यांचे म्होरके इंगळेकाका. हरभरा आणि संत्रा करतात, आणि मानेच्या दुखण्यापायी वर्गाला आले होते.

सहावी हालचाल आहे "माकडाला मागे सारणे". यात सावकाश एकेक पाऊल मागे घ्यायचं आणि त्याच वेळी एकेक तळवा पुढे ढकलायचा. मी पुढे उभा राहून मागे पाऊल टाकलं, आणि पाठीत असा धक्का बसला की मी समोरच्या बाभळीपर्यंत गेलो. वळून पाहतो तर अख्खा वर्ग हात उगारून पुढे धावून येतोय आणि ओरडतोय, "हाऽऽड! हाऽऽड!"

"अहो काका, मागे! मागे जायचंय!" सर मधे पडले.

इंगळेकाका थांबले. त्यांना सरांची कीव आलेली दिसली. "सर, तुमी शहरातले मानसं. वानरापुढं एक पाऊल मांगं घेतलं ना, का थे दोन पावलं पुढं येते. मंग हरबरा त्याचाच!"

"काका, हे चीनचं माकड आहे. त्याला असंच सारतात."

"मंग चीनमंदी गेल्यावर मांगं सरकू ना जी. अठी सरकलो तं घरचे बोलतीन."

या मुद्द्यावर अर्धा तास गेला. शेवटी सरांनी हात जोडले आणि मॅडमच्या पत्राचं खरं काय ते सांगितलं. वर्ग गंभीर झाला. इंगळेकाका म्हणाले, "असं हाये काय? आधी नाई सांगाव? मॅडम हायेत तवरक मांगं सरकतो. पन त्या दिवशी वावरात कोनाले तरी राखनीले ठेवा लागन."

* * *

पण जामोदचा खरा धक्का पुढे होता.

तेविसावी हालचाल म्हणजे शेवटून दुसरी. दोन्ही मनगटं छातीसमोर फुलीसारखी धरायची आणि नजर समोर ठेवून शांत उभं राहायचं. जामोदच्या वर्गाने फुली धरली. मग सगळ्यांनी एकदम खाली डाव्या मनगटाकडे पाहिलं. मग सगळ्यांनी एकदम मान वळवून डावीकडे, लांब रस्त्याकडे पाहिलं. दोन श्वास थांबले. आणि मग मान सरळ.

कोणाच्याही हातात घड्याळ नव्हतं.

सर वही बंद करून उठले. "काका, हे काय आहे?"

"तुमीच शिकवलं ना जी," इंगळेकाका म्हणाले. "आधी मनगट, मंग डावीकडं. याच्यानंच तं माही मान मोकळी झाली. मी घरी बी रोज वीस डाव करतो. लय आराम हाये, सर!" आणि त्यांनी खुशीत दोनदा करून दाखवलं.

सरांनी वही पिशवीत टाकली. परतीच्या एसटीत बसल्यावर नांदुरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "मेहेत्रे, मी सात वीसची गाडी बघत होतो रे!"

मला क्षणभर कळलं नाही.

"ही सात वीसची बुलढाणा गाडी हुकली की थेट गाडी दुपारीच. म्हणून फुली धरली की मी घड्याळ बघायचो, आणि मग रस्त्याकडे. डेपोतून निघाली का म्हणून. दर रविवारी!"

मी इतका हसलो की कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. सर मात्र हसले नाहीत. "आता त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू? त्याची मान बरी झालीय!"

* * *

मॅडम आल्या. बुलढाण्याच्या मैदानावर तिन्ही गावांची माणसं जमली. जामोदकर दोन गाड्या करून आले, देऊळघाटकरांनी येताना मॅडमसाठी पिशवीभर भेंडी आणली. सरांनी मिशा नीट कातरल्या होत्या आणि पांढरा शर्ट इतका कडक इस्त्रीचा, की हात वर गेला की आवाज यायचा. आपटे मॅडम साठीच्या, बारीक चणीच्या, अतिशय नम्र आणि त्यामुळेच भीतिदायक. म्हणाल्या, "करूया का सुरुवात? मी नुसती बघणार आहे."

पाच हालचाली अशा सुंदर झाल्या की माझ्या अंगावर काटा आला. कागद कोणाच्या हातात नव्हता. देशमुख साहेबांनी अंगठा तोंडाकडे नेला होता, पण शेजारी उभ्या त्यांच्या बायकोने डोळे वटारल्यावर परत खाली आणला.

सहावी आली. सगळे मागे सरकायला लागले, जामोदकरसुद्धा! इंगळेकाकांचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. आणि नेमकं त्याच वेळी, कुंपणाच्या भिंतीवर, खरं वानर येऊन बसलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. बुलढाणा मागे चालला होता, जामोद "हाऽऽड" करत पुढे निघाला, आणि देऊळघाट मधे होतं. ट्रेझरी खाली बसली. वानर मॅडमच्या खुर्चीशेजारची भेंडीची पिशवी घेऊन गेलं. इंगळेकाका वळून सरांना म्हणाले, "पाह्यलं ना जी? आमी जरासे मांगं सरकलो होतो!"

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दहावीला देऊळघाटने मनसोक्त आभाळ पाहिलं. तेविसावीला जामोदने मनगट पाहिलं, आणि रस्ता पाहिला. मॅडमनी हात वर केला. "हे शेवटचं कुठून आलं? आपल्या फॉर्ममध्ये नाही हे."

सरांना सांगता आलं असतं, की विद्यार्थ्यांची चूक आहे. पण सर इंगळेकाकांकडे बघत म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. मी एसटीची वाट बघायचो. यांनी तेही मन लावून शिकून घेतलं."

इंगळेकाकांनी हे ऐकलं. विचार केला. म्हणाले, "मंग माही मान काऊन बरी झाली?"

मॅडम उठल्या. "मी एकदा करून दाखवते. नीट बघा." आणि त्यांनी पूर्ण फॉर्म केला. खोटं कशाला बोलू, तसं मी पुन्हा पाहिलं नाही. चोवीस हालचाली संपल्या, हात खाली आले, आणि अगदी शेवटी त्यांनी उजवा पाय घोट्यापासून हलकेच दोनदा झटकला.

निर्मलाकाकूंनी हात वर केला. "मॅडम, थो पाय काऊन झटकला जी?"

"शरीरात उरलेली जडता जमिनीला परत करायची असते, काकू. माझ्या गुरुजींनी शिकवलंय."

"असं काय," काकू म्हणाल्या. "आमाले वाटलं मुंगी चढली. वावरात मुंगी चढली का आमी बी असाच झटकतो. दोनदा."

मॅडमचा चेहरा पहिल्यांदाच जरा कडक झाला. त्यांनी पर्समधून फोन काढला, पुण्याला गुरुजींना लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. गुरुजी खूप म्हातारे, आवाज कापरा. मॅडमनी विचारलं, "गुरुजी, फॉर्म संपल्यावर उजवा पाय झटकायचा, त्याचा नेमका अर्थ यांना सांगता का?"

"कोणता पाय?"

"उजवा. तुम्ही बागेत शिकवायचात ना, तसा. दोनदा."

पलीकडे गुरुजी दोनदा खोकले. मग आवाज आला, "अगं, मी उभा राहायचो तिथं वारूळ होतं! तुम्ही अजून झटकता?"

* * *

मॅडम हसल्या. खूप हसल्या, डोळे पुसले, काकूंचा हात हातात घेतला. पण पत्राचं काही बोलल्या नाहीत. जाताना सरांना एवढंच म्हणाल्या, "कळवते."

एक आठवडा गेला. दोन गेले. सरांनी स्वतःहून वर्ग बंद केले. आम्ही सगळ्यांनी समजावलं, पण सर म्हणाले, "फॉर्म एकसारखा नव्हता. अट मला आधीच घातली होती." रोज सकाळी पाचला उठायची सवय, त्यामुळे सात वाजता माझं दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसायचे. पीटीचा तास गणिताला गेल्यावर मैदानाच्या कडेला असेच एकटे बसायचे, ते मला आठवायचं. आणि मला माझ्या त्या टाळ्यांची लाज वाटायची.

वर्ग बंद झाल्याच्या पाचव्या आठवड्यात इंगळेकाका जामोदहून थेट दुकानात आले. सरांच्या ताईंनी दिलेला डबा सरांपुढे ठेवला आणि म्हणाले, "चार रविवार झाले. मान पुन्हा धरली. मी एकटा करतो घरी, पन एकट्यानं डावीकडं पाह्यलं का बायको विचारते, कोन येऊन राह्यलं?"

सर कसनुसं हसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुण्याहून व्हिडिओ आला होता. चष्मा घरी राहिलेला, म्हणून फोन माझ्याकडे दिला. मी तो काउंटरवर कीटकनाशकाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तिघंही वाकून बघायला लागलो.

पुण्याची ती बाग. पांढऱ्या कपड्यांतली तीस-चाळीस माणसं, पुढे पाठमोऱ्या आपटे मॅडम. फॉर्म शेवटाला आला होता. सगळ्यांनी छातीसमोर मनगटांची फुली धरली. मग सगळ्यांनी खाली डाव्या मनगटाकडे पाहिलं. मग सगळ्यांनी सावकाश मान वळवली आणि डावीकडे, लांब कुठेतरी पाहिलं. दोन श्वास. मग मान सरळ. हात खाली आले, आणि चाळीस उजवे पाय दोनदा झटकले गेले.

खाली मॅडमचा मेसेज होता. मी मोठ्याने वाचला: "सर, फॉर्म आता सगळीकडे एकसारखा दिसतो. अधिकारपत्र पोस्टात टाकलं आहे. वर्ग सुरू करा."

सरांनी काउंटरवरून फोन उचलला. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं, आणि आता तर मुळीच दिसत नसणार. तरी त्यांनी व्हिडिओ परत लावला, फोन डोळ्यांजवळ नेऊन.

इंगळेकाका त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. चाळीस पुणेकर पुन्हा डावीकडे पाहायला लागले, तशी काकांनीही आपली दुखरी मान हळूच डावीकडे वळवली. मग म्हणाले, "पन सर, हे लोकं कोनत्या गाडीची वाट पाहून राह्यले?"

"सात वीसची," सर म्हणाले.